आपली बाजू मांडायला मुलांना शिकवू या

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्धापनदिनाला व्याख्यान म्हटलं की धम्म, चळवळ, समाजाची एकजूट असे विषय अपेक्षित असतात. आम्ही मात्र आज शाळेतला एक साधा विषय घेऊन उभे आहोत. विषय आहे निबंधाचा. आमची हयात शाळेत फळ्यासमोर गेली, तेव्हा आमच्याकडून दुसरं काय निघणार! पण हा विषय वाटतो तेवढा लहान नाही. आपलं म्हणणं कारणं देऊन, पुरावा देऊन, समोरच्याला पटेल असं मांडणं आणि ते कागदावर उतरवणं ही गोष्ट आपली मुलं शिकतात की नाही, यावर त्यांचं पुढचं आयुष्य अवलंबून आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दरवर्षी १४ एप्रिलला आपण वक्तृत्व स्पर्धा घेतो. पोरं काय सुंदर बोलतात! आवाज चढतो, हात फिरतात, टाळ्या पडतात. पण ते भाषण बहुतेक वेळा आईने, ताईने नाहीतर क्लासच्या सरांनी लिहून दिलेलं असतं. स्पर्धा झाल्यावर त्याच मुलाला जवळ घेऊन विचारावं, "बाळ, बाबासाहेब शिका असं का म्हणाले? तुला काय वाटतं?" तर मूल आईकडे बघतं. यात मुलाचा काही दोष नाही. त्याला बोलायला शिकवलं, पण आपलं मत बनवायला आणि ते पटवून द्यायला कुणी शिकवलंच नाही.

शाळेतही तीच गत आहे. दहावीच्या मराठीच्या अभ्यासक्रमात उपयोजित लेखन आहे. त्यात पत्रलेखन आहे, सारांश आहे, जाहिरात आहे, बातमी आहे, वैचारिक लेखनही आहे. म्हणजे आपली बाजू मांडायला शिकवायची सोय अभ्यासक्रमात आहे. पण पोरं करतात काय? गाईड आणतात, त्यातले चार-पाच निबंध घोकतात आणि आला त्यातला एखादा तर उतरवून मोकळे होतात. मार्क मिळतात, नाही असं नाही. पण पुढे कॉलेजात, ऑफिसात, कोर्टात, मुलाखतीत आयुष्य जो प्रश्न विचारतं त्याचं गाईड बाजारात मिळत नाही.

म्हणून आज आपण दोन विद्यार्थ्यांचे दोन निबंध आठवू या. दोघांनीही ते विद्यार्थी असतानाच लिहिले होते.

पहिला निबंध १८५५ सालचा. लिहिणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली अवघी चौदा वर्षांची मुलगी. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापून आला. आता विचार करा, त्या काळी ज्या मुलीच्या सावलीचाही लोक विटाळ मानत, ती मुलगी ज्यांनी विटाळ मानला त्यांनाच उद्देशून लिहिते आहे. तिच्याजवळ सत्ता नाही, पैसा नाही, वय नाही. असेल तर फक्त युक्तिवाद.

तिने तो कसा केला पाहा. वेद आमचेच, ते बघण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही, असं समोरचे म्हणत होते. तिने त्यावर आरडाओरड केली नाही. तिने त्यांचंच म्हणणं हातात घेतलं आणि एक पाऊल पुढे नेलं. धर्माचं पुस्तक आम्ही बघायचंही नाही, तर मग आम्ही धर्मपुस्तकाशिवायचे लोक ठरलो. मग आमचा धर्म कोणता? समोरच्याने घातलेल्या अटीतूनच तिने समोरच्याला उत्तर देता येणार नाही असा प्रश्न काढला.

दुसरी गोष्ट, तिने पुरावे दिले. पेशवाईत मांग-महारांवर काय जुलूम झाले, इमारतींच्या पायात माणसं कशी पुरली गेली, ते तिने मांडलं. आणि तिसरी गोष्ट तर फार मोठी आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पावसात त्यांचं काय होत असेल, याचा विचार तुम्ही स्वतःच्या अनुभवावरून करून बघा, असं ती वाचणाऱ्याला सांगते. यात भावना आहे, पण ती रडगाणं गात नाही. वाचणाऱ्याला ती स्वतःच्याच घरातल्या बाळंतिणीपाशी नेऊन उभी करते. मग तो नाही कसं म्हणेल?

दुसरा निबंध १९१६ सालचा. जागा न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, तारीख ९ मे. पंचवीस वर्षांचे विद्यार्थी भीमराव आंबेडकर यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. पुढच्या वर्षी, म्हणजे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापला गेला.

ज्याने वडोदऱ्यापासून साताऱ्यापर्यंत जातीचे चटके सोसले, तो तरुण जातीवर लिहायला बसला आहे. आपल्याला वाटेल, पहिल्या ओळीपासून आग पाखडली असेल. तसं झालेलं नाही. त्यांनी आधी दुसऱ्यांची मतं मांडली आहेत. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांनी केलेल्या जातीच्या व्याख्या त्यांनी वाचणाऱ्यासमोर ठेवल्या. मग एकेक व्याख्या तपासली. केतकरांचं काम त्यांना मोलाचं वाटतं, ते तसं सांगतातही. आणि मग दाखवतात की केतकर ज्या दोन लक्षणांना वेगळं मानतात, म्हणजे जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच मिळणारं सभासदत्व, ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. इतकं झाल्यावर ते स्वतःचं म्हणणं मांडतात, की जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. आणि शेवटी, आपलं मत चुकीचं ठरलं तर ते सोडायचीही आपली तयारी आहे, असा त्यांचा सूर आहे.

बंधू-भगिनींनो, या दोन निबंधांत सत्तर मैलांचं नाही, एकसष्ट वर्षांचं आणि सात समुद्रांचं अंतर आहे. पण दोघांची रीत एकच. समोरचा काय म्हणतो ते आधी नीट ऐकायचं, ते प्रामाणिकपणे मांडायचं, मग पुराव्याने उत्तर द्यायचं. युक्तिवादाचा आत्मा हाच आहे. आपण बाबासाहेबांचा कोट बघतो, टाय बघतो, हातातलं पुस्तक बघतो. ही रीत मात्र आपल्या नजरेतून निसटते.

आता मुलांना हे शिकवायचं कसं? त्यासाठी परदेशातून काही आणायला नको. आपल्या देशात फार जुन्या काळापासून अनुमानाचे पाच भाग सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. नावं जड आहेत, गोष्ट सोपी आहे. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा, म्हणजे आपलं म्हणणं. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जशी आपल्या चुलीत, हे उदाहरण. डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी याच शास्त्राची काटेकोर छाननी केली आणि खरा हेतू कोणता, खोटा कोणता, हे ओळखायच्या कसोट्या घालून दिल्या. म्हणजे ही विद्या आपल्या घरचीच आहे. तिच्यावर धूळ साचली, एवढंच.

मुलांसाठी एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या गल्लीतला दिवा बंद आहे आणि वॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा आहे. मुलगा लिहितो, "आमच्या गल्लीत दिवा नाही, आम्हाला फार त्रास होतो, तरी दिवा लवकरात लवकर लावावा ही नम्र विनंती." हा अर्ज फायलीत जातो आणि तिथेच झोपतो. आता दुसरा अर्ज बघा. कोणत्या खांबावरचा दिवा, कोणत्या तारखेपासून बंद आहे, रात्री आठला क्लासहून किती मुली त्या गल्लीतून येतात, याआधी कोणत्या तारखेला तक्रार केली होती, हे सगळं त्यात आहे. पुढे आणखी एक ओळ आहे: हा खांब वीज कंपनीचा असल्याचं आपलं म्हणणं असेल तर तसं आम्हाला लेखी कळवावं, म्हणजे आम्ही तिकडे दाद मागू. या एका ओळीत समोरच्याची पळवाट आधीच ओळखून ठेवली आहे. विनंती दोन्ही अर्जांत आहे. पण पहिल्या अर्जात नुसती विनंती आहे, दुसऱ्यात युक्तिवाद आहे.

आणि काम अर्जावर संपत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने साधारणपणे तीस दिवसांत माहिती मिळाली पाहिजे. नाही मिळाली किंवा चुकीची मिळाली तर पहिलं अपील करता येतं. त्या अपिलात काय लिहायचं? मी काय मागितलं, मला काय मिळालं, ते का अपुरं आहे. हा निबंधच झाला की! शिष्यवृत्तीचा अर्ज फेटाळला, दाखल्यावर नाव चुकलं, रेशनकार्डातून नाव कमी झालं, अशा प्रत्येक ठिकाणी हाच निबंध लागतो. ज्याला तो लिहिता येतो त्याला एजंटाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

आता एक नाजूक मुद्दा. पटवून देण्याची कला दुधारी आहे. जाहिरातवालेही पटवूनच देतात. अमुक क्रीम लावा, गोरे व्हा, नोकरी मिळेल, असं म्हणणारी जाहिरात पुरावा देत नाही. ती मुलीच्या मनातली भीती कुरवाळते. म्हणून मुलांना पटवण्याच्या युक्त्या शिकवताना त्या ओळखायलाही शिकवल्या पाहिजेत. सगळे घेतात म्हणून तूही घे. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून खरं. एकाचं तसं झालं म्हणजे सगळ्यांचं तसंच. मुद्द्याला उत्तर नाही म्हणून माणसाच्या जातीवर, कपड्यावर घसरायचं. या चार युक्त्या ओळखता आल्या तर निम्मी फसवणूक टळेल.

आपल्या जुन्या तर्कशास्त्राने याला नावंही दिली आहेत. सत्य कळावं म्हणून करतात तो वाद. काहीही करून जिंकायचं म्हणून करतात तो जल्प. स्वतःचं म्हणणं काहीच नाही, फक्त दुसऱ्याचं मोडायचं, ती वितंडा. आपल्या बोलण्यातला 'वितंडवाद' तो हाच. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भदंत नागसेनांना चर्चेला बोलावतो. नागसेन म्हणतात, पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने नाही. पंडित एकमेकांची चूक दाखवतात आणि कुणी रागावत नाही. राजाला मात्र विरोध झाला की तो शिक्षा फर्मावतो. घरात वडिलांशी, वर्गात गुरुजींशी, बैठकीत अध्यक्षांशी मतभेद झाला तर आपली रीत पंडितांची असते की राजांची? हा प्रश्न आम्ही सर्वांपुढे ठेवतो, स्वतःपुढेही ठेवतो.

आणि मज्झिम निकायात राजकुमार अभयाची कथा आहे. भगवान बुद्धांना कोंडीत पकडण्यासाठी तो दुहेरी प्रश्न घेऊन आला होता. दुसऱ्याला न आवडेल असं तुम्ही बोलता का? हो म्हटलं तरी अडचण, नाही म्हटलं तरी अडचण. त्याच्या मांडीवर तान्हं मूल होतं. बुद्धांनी विचारलं, या बाळाने तोंडात खडा घातला तर काय करशील? अभय म्हणाला, काढीन, रक्त आलं तरी काढीन, कारण मला त्याची दया आहे. बोलण्याचंही तसंच आहे. जे खरं आहे आणि हिताचं आहे ते कडू असलं तरी योग्य वेळी बोलावं. खोटं असेल तर ते कितीही गोड असलं तरी बोलू नये. युक्तिवाद शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने ही कसोटी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

ही कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. मोबाईलवर रोज बाबासाहेबांच्या नावाने वाक्यं फिरतात. त्यातली कितीतरी बाबासाहेबांची नाहीतच. आपण डोळे झाकून पुढे पाठवतो, आणि उद्या कुणी पुरावा मागितला की खाली बघावं लागतं. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढले आहेत. वसंत मून यांनी त्यासाठी अपार कष्ट केले. ते खंड आपल्या विहाराच्या कपाटात असावेत, आणि मुलाने भाषणात वाक्य घेतलं तर ते कोणत्या खंडात, कोणत्या पानावर आहे, हे विचारलं जावं.

आता आमच्या मनात सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट. आपली पोरं कॉलेजात जातात. तिथे कुणीतरी म्हणतं, "तुमचं बरंय रे, आरक्षण आहे. घटनेत तर दहाच वर्षं होती ना? अजून किती दिवस?" आपलं पोरगं एक तर मान खाली घालतं, नाहीतर अंगावर जातं. दोन्हीत हार त्याचीच. त्याला उत्तर येत नाही म्हणून नव्हे, उत्तर द्यायची रीत कुणी शिकवली नाही म्हणून.

रीत तीच. आधी समोरच्याच्या बोलण्यात खरं काय आहे ते मान्य करायचं. होय, घटनेत दहा वर्षांची मुदत होती. मग फरक दाखवायचा. ती मुदत कलम ३३४ मध्ये आहे आणि ती लोकसभा व विधानसभांमधल्या राखीव जागांपुरती आहे. ती वेळोवेळी वाढवली गेली; २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने ती जानेवारी २०३० पर्यंत नेली. नोकऱ्यांचं आरक्षण कलम १६(४) मध्ये आहे, शिक्षणातल्या सवलतींचा आधार असलेलं कलम १५(४) हे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं. या दोन्ही कलमांत दहा वर्षांची मुदत नाही. घटना बाजारात मिळते, मित्रा, तूच वाचून बघ. बस्स. आवाज चढवायला नको, कॉलर धरायला नको. समोरचा लगेच मानेल असं नाही. पण ऐकणारे चौघं असतात, त्यांना कळतं की या पोराला माहिती आहे. आणि त्या पोराची मान वर राहते. आम्हाला त्याची मान महत्त्वाची वाटते.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने विहार समितीपुढे आमची एक सूचना आहे. दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास मुलांसाठी ठेवावा. एक विषय घ्यावा, मुलांच्या रोजच्या जगण्यातला. शाळेत मोबाईल असावा का? लग्नात डीजे लावावा का? जयंतीच्या वर्गणीतला किती भाग अभ्यासिकेला द्यावा? चिठ्ठ्या टाकाव्यात, ज्याला जी बाजू येईल ती त्याने मांडावी. मग पुढच्या रविवारी बाजू बदलाव्यात. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बोलल्याशिवाय त्याचं म्हणणं कळत नाही. आणि बोलून झालं की प्रत्येकाने एक पान लिहावं: माझं म्हणणं, माझं कारण, माझा पुरावा, समोरच्याचा सर्वांत चांगला मुद्दा आणि त्याला माझं उत्तर. पाच परिच्छेद. ताईने लिहून दिलेलं चालणार नाही. मोडकंतोडकं चालेल, पण स्वतःचं पाहिजे. चांगली पानं पुढच्या स्मरणिकेत छापावीत.

काही पालक म्हणतील, "गुरुजी, पोरं आधीच उलट बोलतात, तुम्ही आणखी वाद घालायला शिकवताय!" त्यांना आमचं सांगणं असं की उलट बोलणं आणि कारण सांगणं यात फरक आहे. पोरगं म्हणालं, "मला नाही जायचं," तर ते उलट बोलणं. म्हणालं, "आई, उद्या पेपर आहे, परवा जातो," तर ते कारण. कारण सांगणाऱ्या पोराचं ऐकून घ्या. घरात ज्याचं ऐकलं जातं तोच बाहेर तोंड उघडतो. विशेषतः मुलींचं ऐका. मुक्ताचं कुणीतरी ऐकून घेतलं, तिला शिकवलं, तिचा निबंध छापून आला, म्हणून आज आपण तिचं नाव घेतो आहोत.

शेवटी एकच आठवण देतो. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषण आधी वाचून त्यांनी मजकुरात बदल मागितले. बाबासाहेबांनी नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून लोकांपुढे ठेवलं. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केलं? गांधीजींचं म्हणणं आपल्याच पुस्तकात छापलं आणि त्याला आपलं उत्तर जोडलं. दोन्ही बाजू वाचा आणि तुम्हीच ठरवा, इतका स्वतःच्या मांडणीवर विश्वास! विरोधकाचा आवाज दाबून आपला आवाज मोठा होत नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

ज्यांना शतकानुशतकं बोलू दिलं नाही, लिहू दिलं नाही, त्यांच्या नातवंडांच्या हातात आज पेन आहे. ते नुसतं गाईडमधलं उतरवून घेण्यासाठी झिजू नये. आपली बाजू आपल्या शब्दांत मांडण्यासाठी झिजावं, एवढीच या विहाराच्या वर्धापनदिनी आमची मंगल कामना.

 न पटलं असेल त्यांनी चहाच्या वेळी जरूर वाद घालावा; आम्ही पंडितांच्या रीतीने बसू.

नमो बुद्धाय! जयभीम!